एका चुलीचं घर

पेडगावच्या सगुणाबाईला परभणीच्या दवाखान्यात आयाची नोकरी लवकर मिळाली, घर मात्र मिळेना. नवऱ्यानं दुसरी केलेली, पदरी लेकरू नाही. लोक आधी मालक कुठं असतात ते विचारायचे, मग गाव, मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली निघायची.

दवाखान्यातच टाके काढून घ्यायला आलेल्या वालूरच्या केशरबाईशी तिची गाठ पडली. केशरबाई खात्यापित्या कुणबी घरची. नवरा गेल्यावर दिरांनी हुसकून लावलेली, शहरात शिवणकाम करून राहणारी. एकटीला भाडं झेपत नव्हतं. दोघींनी मिळून स्टेशनापलीकडच्या नव्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर घेतलं. घर केशरबाईच्या आडनावावर मिळालं.

पहिल्याच दिवशी केशरबाई म्हणाली, "सगुणे, राग धरू नगंस. तुझी चूल तिकडल्या खोलीत, माझी इकडं."

"राग कामून धरू? पेडगावात तर तुमच्या लोकायनी आमचा सगळा वाडाच गावाभाईर ठिवला. हितं नुसतं भिताड हाय. लय जवळ आलो म्हनायचं."

केशरबाई हसली. सगुणाबाईही हसली, जरा उशिरानं.

दोन वर्षं बरी गेली. केशरबाईला हिवताप आला तेव्हा सगुणाबाईनं रजा काढली, डोकं मांडीवर घेऊन तिला गोळ्या दिल्या, आपल्या तांब्यातलं पाणी पाजलं. "दव्याला इटाळ नसतोय माय," केशरबाई डोळे मिटून म्हणाली. सगुणाबाईला तेवढ्यानंही भरून आलं. तिला वाटलं, आपल्याला बहीण मिळाली.

शेजारच्या भगवानरावांना हे घर खुपत होतं. निजामाच्या राज्यात ते कचेरीत पेशकार होते, आता पेन्शनीत. त्यांनी अर्ज ठोकला आणि पालिकेचा माणूस चौकशीला आला. वसाहतीचा नियम त्यानं उभ्या उभ्याच सांगितला: एका घरात एकच कुटुंब. जास्त असले की ते लॉज, आणि लॉजला इथं मनाई.

"कुटुंब म्हंजी रगताचंच का साहेब?" सगुणाबाईनं विचारलं.

"तसं काही नाही. एक चूल ते एक कुटुंब. तुमच्या दोन आहेत. पुढच्या हप्त्यात येतो, तवर काय ते बघा."

भगवानरावांच्या माडीवर खेड्यातली पाच-सहा पोरं भाडं भरून कॉलेज शिकत होती. पण ती त्यांच्याच चुलीवरचं जेवत. म्हणून ते सगळे भाचे.

दिवस मावळायच्या आत सगुणाबाईनं आपली चूल कुदळीनं फोडली. स्वतः माती कालवून घातलेली चूल. केशरबाई दोघींचं रांधू लागली. भाकरी वरूनच ताटात टाकायची, हात लागू न देता. सगुणाबाई खाली मान घालून खायची. छप्पर राहतंय ना, मग ऱ्हाऊ दे, असं मनाला बजावायची.

ठरल्याप्रमाणे साहेब आला. एक चूल बघून त्याचं समाधान झालं, तो निघालासुद्धा. मागोमाग आलेले भगवानराव दारातच आडवे आले.

"साहेब, चूल एक हाय. पर तिला शिवतंय कोन, ते तरी इचारा! ह्या सगुणाबाईच्या हातची भाकर केशरबाईनं आमच्या म्होरं खावी. म्या आत्ता अर्ज वापस घेतो."

साहेबानं घड्याळ बघितलं. "करा बाई एक भाकरी. मिटून जाईल."

सगुणाबाईनं केशरबाईकडं बघितलं. ती चुलीपासून बाजूला झाली. मग सगुणाबाई पहिल्यांदाच त्या चुलीपुढं बसली. पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, निखाऱ्याला लावली. टम्म फुगली. असली भाकरी केशरबाईलाही जमत नव्हती. सगुणाबाईनं ती ताटलीत घालून केशरबाईपुढं धरली.

तोवर भगवानरावांची बायको कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. तिच्यामागं आणखी दोघी. केशरबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, ताटलीकडं पाहिलं आणि पदर सावरला.

"मला आज उपास हाय," ती म्हणाली.

सकाळीच तिनं पिठलं-भाकर खाल्ली होती. आपल्याच हातानं सगुणाबाईलाही वाढली होती.

"बघा!" भगवानराव म्हणाले. "म्या सांगत नव्हतो?"

साहेबानं कागदावर दोन ओळी खरडल्या. घर खाली करायचं ठरलं, दोघींनीही.

सगळे पांगल्यावर केशरबाई उंबऱ्यात बसून रडू लागली. "वालूरला कळलं आसतं तर जातभाऊ मढ्याला बी आले नसते गं. तू दुसरं घर बघ की, सगुणे. दोघीला पुरंल आसं. जिथं नियम नसंल."

सगुणाबाई आपली भांडी गोणीत भरत होती.

"नियमाचं काय घेऊन बसलीस केशरबाय," ती म्हणाली. "त्या साहेबाला तर आपून एका घरच्या चालत व्हतो."

गोणीचं तोंड तिनं सुतळीनं आवळलं आणि दवाखान्यामागच्या वस्तीत एकटीपुरती खोली बघायला निघाली.