पाल्याच्या ढिगाजवळचा कॅमेरा

आलापल्लीच्या वाटेवरच्या जंगल नाक्यावर लालसू बावीस वर्षं दांडा वरखाली करत होता. माणूस भारी चौकस. ट्रकात काय आहे हे विचारणं ही त्याची नोकरी, पण ट्रकवाल्याच्या मुलीचं लग्न कुठवर आलं हेही त्याला कळायला हवं असे.

नाक्यापुढच्या वळणावर खांबावर कॅमेरा बसला, तेव्हा त्याला चैन पडेना. हा पाहतो तरी काय? रस्त्यात गाडी थांबली की कॅमेऱ्याला कळतं आणि वळणाअलीकडे लाल दिवा लागतो, मागून येणारा सावध होतो, एवढं त्याला सांगण्यात आलं. पण नेमका त्याच वळणावर वाटेच्या देवाचा पाल्याचा ढीग होता. येणारा-जाणारा थांबायचा, डहाळी मोडून वाहायचा. लालसूच्या बापाने आयुष्यभर वाहिली, लालसूही रोज सकाळी कामावर येताना सवयीने वाहायचा. दिवा दिवसभर लागून राही. चार दिवसांत त्याला कोणी जुमानेना. मग साहेबांचा हुकूम आला, ढीग उचला. उचलायचा लालसूने.

कॅमेरा तपासायला चंद्रपूरहून रिना नावाची इंजिनिअर आली, तर हा तिच्या मागेच लागला. "बाई, हा काय पाहून राह्यला, मले दाखवा न."

तिने मोबाइलवर दाखवलं. रस्त्यावर पिवळी चौकट आखलेली होती. तिच्यात जे थांबेल त्याच्याभोवती लाल चौकट उमटे. चौकटीबाहेरचं काय, असं त्याने विचारलं. ते कॅमेरा धरतच नाही, ती म्हणाली.

लालसूने तिला ढीग उचलण्यासाठी साहेबांकडून आठवड्याची मुदत मागून घ्यायला लावली आणि सायकल हाणत गावचा पुजारी कोलू याच्याकडे गेला. म्हातारा म्हणाला, "देव वाटेचा हाय. वाट रुंद झाली त तो बी बाजूले सरकते."

दुसऱ्या दिवशी लालसूने तीस पावलं पुढे, चौकटीबाहेरच्या रुंद कडेला, सागाची डहाळी ठेवली. नवी जागा सांगितल्याशिवाय त्याने एकाही गाडीला दांडा उचलला नाही.

आठवड्याने रिना आली. दिवा आता क्वचितच लागत होता, जुना ढीगही राहू द्या म्हणून साहेबांनी कळवलं होतं. ती मात्र वेगळ्याच गोष्टीला हसत होती.

"लालसूभाऊ, सगळे तिकडं गेले. एक जण रोज सकाळी जुन्याच जागी थांबून राह्यला."

लालसू चिडला. कोण तो, दाखवा म्हणाला.

तिने मोबाइलवर व्हिडिओ लावला. लाल चौकटीत सायकल उभी होती. शेजारी पाठमोरा, वाकलेला माणूस, हातात डहाळी. लालसूला वाटलं, आपला बापच. मग कॅरिअरला बांधलेला स्वतःचा डबा त्याला दिसला.

त्याने डोळे पुसले.

"बाई," तो म्हणाला, "अजून एक डाव लावा न."