बेटावरचा शेंदूर

माझी बायको गेली त्याला दीड वर्ष झालं. लोक म्हणतात, आता विसरा. कशाला विसरू? माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं लिहिण्यात चुका व्हायच्याच. पण आमच्या बेटाची गोष्ट तिला सोडून सांगता येत न्हाई, म्हणून लिहायला बसलो.

घनसावंगीच्या खाली, आमच्या गावासमोर गोदावरी दोन फाट्यांनी फुटते अन् पुढं परत एक होते. मधली जमीन म्हणजे बेट. चिंचा, बाभळी, काळ्या दगडाच्या पायऱ्या अन् पुरुषभर उंचीचा एक उभा दगड. तोच आमचा देव. कुणी बांधलं विचारलं तर सगळे म्हणायचे, पांडवांनी. आमच्याकडं ज्याचा पत्ता लागत न्हाई ते सगळं पांडवांनीच बांधलेलं.

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. माझी नाव होती, पण वरच्या घाटावर दुसरी मोठी नाव आली अन् माझे उतारू तिकडं गेले. जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळत होतं. तिथं एकट्यानं राहावं लागणार होतं, अन् लग्नाला वर्षच झालं होतं.

ती म्हणाली, "तुम्ही गेलात तर मी इथं दिवसभर कुणाचं तोंड बघू? सासूबाईंचं?"

आई चुलीपाशीच बसली होती. ती म्हणाली, "माझं तोंड काही वाईट न्हाई."

गावच्या गुरुजींनी तोड काढली. देवाच्या दगडावर खालच्या अंगाला जुनी अक्षरं होती. औरंगाबादचे एक साहेब असे लेख वाचत हिंडायचे. त्यांनी बेटाबद्दल चार लोकांना सांगितलं तर बघणारे येतील, नाव चालेल, मला जायची गरज पडणार न्हाई. गुरुजींनी पत्र टाकलं. दिवाळीनंतर येतो, असं साहेबांचं उत्तर आलं.

आता पाहुणा येणार म्हटल्यावर आपण घर सारवतो. मंग देवाला तसंच ठेवायचं का? साहेब यायच्या आदल्या दिवशी मी गुरवाला घेऊन गेलो, तेलात शेंदूर कालवला अन् दगडाला वरपासून खालपर्यंत बोटभर जाड लेप दिला. चांदीचे डोळे बसवले. लई देखणा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब नावेतून उतरले, दगडासमोर उभे राहिले.

"लेख कुठे आहे?"

"त्याच्या खाली," मी छाती काढून सांगितलं.

साहेब रागावले न्हाईत. नुसते पायरीवर बसले. ते जास्त लागलं.

बायको डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "एवढा थापलात? लग्नात मला हळद नव्हती लावली एवढी."

मी गुरवाला म्हणालो, खालचा तेवढा पुसून घेऊ. गुरव म्हणाला, "शेंदूर माणसानं काढायचा नसतो. थर साचून खोळ झाली की देव ती आपणच टाकतो."

"कधी टाकतो?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या आज्याच्या वेळेला टाकली होती."

"मला उद्या परत जायचंय."

शेवटी कौल लावायचं ठरलं. देवाच्या दोन्ही अंगांना ओलं फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गुरवानं फुलं लावली. पण तेल ताजं, फूल टिकतंय कुठं? दोन्ही बराबर एकदम घसरली. गुरव डोकं खाजवत उभा.

बायको म्हणाली, "देव म्हणतोय, मला मधी घालू नका. तुमचं तुम्ही निस्तरा."

गुरवाला हसू फुटलं. लोखंड लावायचं न्हाई, नुसतं फडकं, अन् निघालेला शेंदूर नदीत सोडायचा, या अटीवर तो राजी झाला. गुरव अन् मी देवाची माफी मागून पुसायला बसलो. बायको साहेबांना म्हणाली, "इथं बसून माझ्या नवऱ्याचं तोंड काय बघता? चला, पाखरं दाखवते."

बेटाच्या टोकाच्या बाभळींवर बगळ्यांची, पाणकावळ्यांची अन् गुलाबी पिसांच्या मोठ्या ढोकांची घरटी होती. एकेका झाडावर इतकी की पानं दिसायची न्हाईत. खाली वाळूत मगर ऊन खात पडायची. आम्हाला त्याचं काय कौतुक? रोजचंच. साहेब दुपार कलल्यावर परत आले. टोपीवर बगळ्यानं प्रसाद टाकलेला, अन् ते हसून राह्यले.

अक्षरं निघाली, पण अर्धी झिजलेली. कुणीतरी पायऱ्या बांधून दिल्या, एवढंच साहेबांना वाचता आलं. बांधणाऱ्याचं नाव पार गेलेलं. मी म्हणालो, "म्हणजे आता कुणी येणार न्हाई."

"लेखासाठी मी एकटाच आलो होतो," साहेब म्हणाले. "पाखरांसाठी घरचे सगळे घेऊन येतो."

महिन्याच्या आत ते चौदा माणसं घेऊन आले. मला तीन खेपा कराव्या लागल्या. मंग त्यांच्या सांगण्यावरून जालन्याचे मारवाडी व्यापारी बायकापोरांसह आले, मास्तर लोक आले. बेटावर त्यांच्या पुढं माझी बायको चालायची. झाडाखाली चूल पेटवू द्यायची न्हाई, दगड मारू द्यायची न्हाई. एका शेठला तिनं सरळ सांगितलं, "शेठजी, आवाज नावेतच ठेवा, जाताना घेऊन जा." तो बिचारा कुजबुजत हिंडला.

फाल्गुनात मी जिनिंगला निरोप धाडला, येत न्हाई म्हणून. त्या दिवशी नाव रिकामी परत आणताना ती म्हणाली, "जालना मी अजून बघितलं न्हाई. आता आपणच जाऊ. दोन दिवस पाहुण्यावाणी हिंडू, बघू अन् घरी येऊ."

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो.