मामांचा दीड जीबी

आमच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीतल्या मामांनी रोजच्या दीड जीबीत जेवढं जग पाहिलं, तेवढं अनलिमिटेडवाल्यांना सात जन्मांत दिसणार नाही, हे मी लालबागच्या कुठल्याही नाक्यावर उभा राहून सांगायला तयार आहे. पाहिलं म्हणण्यापेक्षा दाखवलं म्हणायला हवं. दिवेलागणीनंतर चाळीच्या गॅलरीत त्यांचं स्टूल यायचं. मागोमाग तांदळाची ताटं आणि ती निवडणाऱ्या बायका यायच्या, पुरुष कठड्याला टेकायचे, आणि मामा त्या दिवशी मोबाइलवर पाहिलेला मालिकेचा भाग सांगायला घ्यायचे. सगळ्यांनी आपापला डेटा जाळायचा कशाला? एकाने बघावं, बाकीच्यांनी ऐकावं. "एका नळावर अख्खा मजला पाणी भरतो मा आपण? मग ह्याला काय झालं?" असं ते मालवणी हेलात विचारायचे.

डेटा हा प्रकार उघडा ठेवला तर उडून जातो अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यामुळे फोन दिवसभर बंद, वर हातरुमाल. सकाळी कोणी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात पाठवलं की दुपारी त्याच्या दारात जाऊन विचारायचे, "तुझ्या त्या गुलाबाने माझा अख्खा इन्स्पेक्टर खाल्ला. आता संध्याकाळी खुनाचा तपास तू करतोस काय?" चित्र ते सगळ्यात खालच्या दर्जाचं लावायचे. त्यात चेहरे म्हणजे नुसत्या भाकऱ्या. एका मालिकेत दोन भाऊ होते, एक साधू आणि एक सैतान, हे मामांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी तो एकच माणूस म्हणून सांगितला. सकाळी आईचे पाय चेपतो आणि दुपारी बायकोला जिन्यावरून ढकलतो. माझी आई तांदळातला खडा बाजूला करत म्हणाली, "असतात हो अशी माणसं. आमच्या धाकट्या दिरांसारखी." सगळ्यांना पटलं.

परळच्या एका इस्पितळात मामांनी जन्मभर लिफ्ट चालवली. नातेवाईक लिफ्टमध्ये शिरायचे, बोलता बोलता मजला आला की उतरून जायचे. एवढ्या वर्षांत मामांना एकही गोष्ट पुरती ऐकायला मिळाली नाही. कोणाचा मुलगा शुद्धीवर आला का, कोणाच्या बहिणीने शेवटी भावाला माफ केलं का, ते तळमजल्यापर्यंत खाली येता येता ते स्वतःच ठरवून टाकायचे. म्हणून भाग ऐन रंगात असताना डेटा संपला तरी त्यांना फरक पडत नसे. उरलेलं ते लावून घ्यायचे, आणि कुठे नेट संपलं आणि कुठे मामा सुरू झाले हे कोणाला सांगता यायचं नाही. त्यांच्या गोष्टींत सहसा कोणी मरत नसे. इस्पितळात ते पुष्कळ पाहिलं असावं.

आता माझं सांगतो. मी गॅलरीच्या टोकाला उभा राहून ऐकणारा माणूस. माझं बोलणं आईसकट कोणी फार वेळ ऐकलेलं नाही. चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा मी खटपट करून सगळ्या खोल्यांत अनलिमिटेडची वायर आणली, तिचं कौतुक व्हावं अशी माझी अपेक्षा होती. पण वायर आली त्या आठवड्यातही बायका ताटं घेऊन मामांकडेच जमल्या. त्या दिवशी त्या दोन भावांच्या मालिकेचा शेवट होता. मामांच्या शेवटात खून झालेली सून मेलेलीच नव्हती, ती कणकवलीला आईकडे निघून गेली होती आणि तिथे खानावळ चालवत होती. आईने डोळे पुसले. मी पुढे झालो आणि म्हणालो, खोटं आहे, हा बघा खरा शेवट. आणि माझ्या मोबाइलवर, सगळ्यात वरच्या दर्जाच्या चित्रात, सगळ्यांना दाखवला. सून मेलेलीच होती. खुनी कोण ते दुसऱ्या सीझनमध्ये कळणार होतं.

मामा स्क्रीनजवळ वाकून म्हणाले, "अरे, हे दोन भाऊ काय?" आणि स्टूल घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरात मोबाइल लागला. मामांच्या खोलीतही वायर गेली होती, तिच्यावर ते टॉवेल वाळत घालू लागले. एकदा मला जिन्यात थांबवून त्यांनी हळूच विचारलं की या वायरला थोडी लिमिट घालता येते का. मी हसलो. म्हटलं, मामा, आता पुढे ज्याला जे आवडतं तेच त्याच्यापुढे आपोआप येणार. ते म्हणाले, "मग दुसऱ्याशी बोलायचं काय?" मला वाटलं, म्हातारा मागे पडला.

गेल्या महिन्यात कोणीतरी रस्ता खोदताना वायर तोडली. ऐन संध्याकाळी सगळ्यांचं नेट गेलं आणि माणसं फोन हातात धरून गॅलरीत आली. किती दिवसांनी इतके चेहरे एकत्र दिसले. आई गेल्याला वर्ष झालं, तिच्या जागेवर माझी बायको उभी होती. हळूहळू सगळ्यांच्या माना शेवटच्या खोलीकडे वळल्या. स्टूल बाहेर आलं. मामा बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बोला, कुठपर्यंत आलेलं?"

बायको म्हणाली, कोर्टात निकाल लागणार होता. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ती कोरियातली मुलगी आत्ता विमानात बसली. कोणाचा भुताचा वाडा होता, कोणाचं स्वयंपाकाचं चाललं होतं, माझं आणखी वेगळंच. दोघांचं एक काही निघेना. मामा प्रत्येकाकडे मान वळवून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "एकाचं सांगितलं तर बाकीच्यांनी काय करायचं?"

मी म्हटलं, मामा, कुठलंही सांगा. तुम्ही सांगाल ते खरं.

"तसं नसतं रे," ते म्हणाले. रागाने नाही, लिफ्ट बंद आहे असं एखाद्या पेशंटला सांगावं तसं.

तेवढ्यात नेट आलं. सगळे आत गेले. स्टूलही गेलं. मी ज्या भागापाशी अडकलो होतो तो तसाच सोडलाय. त्यातली बाई एका बंद दारासमोर उभी आहे आणि आत तिचा मुलगा जिवंत आहे की नाही ते मला ठाऊक नाही. मी तो उघडत नाही. मामा जिन्यात भेटले की मी जरा रेंगाळतो. ते एकदा विचारतील, कुठपर्यंत आलं, म्हणून.