मराठीतून आलेला प्रश्न

काचेपलीकडे सुनंदावहिनींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्या नुसत्याच संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिल्या. मी बाहेर बाकावर बसलो होतो. या परक्या देशात ड्रायव्हिंगची लेखी परीक्षा मराठीतून, प्रश्न ऐकून देता येते हे कळल्यावर मीच त्यांना आग्रह केला होता. त्यांचा नवरा विनायक, माझा मित्र, हिवाळ्यात हायवेवरच्या अपघातात गेला. आता गाडी शिकल्याशिवाय त्यांना इलाज नव्हता.

परीक्षा अर्धी सोडून त्या बाहेर आल्या. परीक्षा घेणाऱ्या बाईंना वाटलं, भाषांतर समजलं नसावं.

"वहिनी, काय झालं?"

"जखमी माणूस गाडीत अडकला असेल तर आधी काय कराल, असा प्रश्न होता, भावजी. घरी इंग्रजीतून पाठ केला तेव्हा काही वाटलं नव्हतं. आज कानात आपल्याच माणसासारखं कुणीतरी विचारलं. उत्तर येत होतं हो मला. बोटच उचलेना."

परक्या भाषेत मन मोकळं होत नाही, अशी आपली तक्रार असते. पण पोलीस, दवाखाना, विद्युतदाहिनी, सगळं वहिनींनी त्याच भाषेत निभावलं होतं. तिच्यात मन उघडं पडत नव्हतं, म्हणूनच जमलं असावं.

पुढच्या खेपेला त्यांनी परीक्षा इंग्रजीतून दिली आणि पास झाल्या. परतताना गाडी मीच चालवत होतो. वाटेत विनायक कसा गेला, ते त्यांनी पहिल्यांदाच मराठीत सांगितलं.