डायऱ्यांचा लगदा

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेपियर टाउनला डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. "आत्या, आई गेली... नींद में ही. अच्छा, तू आरामात ये," भाचा म्हणाला. चेरीतालला वहिनीच्या घरी पोचले तर शेजारणी जमलेल्या, आणि त्यातली एक म्हणत होती, "भाग्यवान हो, अशा देवमाणसाची बायको." महिना उलटला, तरी ते वाक्य आठवलं की तोंड कडू होतं.

देवमाणूस म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, दादा. दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत बारूद भरायच्या सेक्शनला होता. मी तेव्हा शाळेत, दादा-वहिनीकडेच राहायचे. एकाहत्तरच्या लढाईत पाळ्या लांबल्या होत्या, आमच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले, आणि दादा घरी आला की बारुदीनं पिवळ्या पडलेल्या हातांनी रोज डायरी लिहायचा. तेवढा वेळ घरात भांडं वाजवायची सोय नव्हती. मला वाटायचं, देशाचं काहीतरी फार मोठं चाललंय त्या पानांत. वहिनी मात्र स्वयंपाकघरातून हळूच म्हणायची, "लिहू द्या, शालूबाई. तेवढा वेळ तोंड तरी बंद असते." मला ते मुळीच आवडायचं नाही.

काही वर्षांपूर्वी दादा गेला. शोकसभेत आमच्या मराठी मंडळींनी त्याला कर्मयोगी करून टाकला. मग लोखंडी पेटीत त्या डायऱ्या सापडल्या, स्मरणिकेसाठी त्यातले उतारे मागितले गेले, आणि मीच हौसेनं हो म्हणाले. वहिनीची नजर तोवर गेली होती. "निवडायचं ते इथंच बसून निवडा," ती म्हणाली, "आणि मोठ्यानं वाचा."

पेटी उघडली तर उंदरांच्या मुताचा भपकारा आला. नाकाला पदर लावून वाचायला बसले, पण खरी घाण पुढेच होती. 'वरण पातळ.' 'पोट साफ नाही.' 'हिच्या माहेरचे भिकारडे येऊन दूध संपवून गेले.' 'हिला अक्कल नाही.' पानंच्या पानं हेच. लढाई नाही, देश नाही, कोणाबद्दल एक बरा शब्द नाही. वाचताना मला घरी येऊन अंघोळ करावीशी वाटत होती.

मग डिसेंबरातलं एक पान आलं. त्या ब्लॅकआउटच्या दिवसांत त्यांची तान्ही मुलगी, बेबी, न्यूमोनियानं गेली होती. वहिनी तिला मांडीवर घेऊन अंधारात बसून होती, कोणाला हात लावू देईना, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पानावर लिहिलं होतं, 'बेबी गेली. वांगी कच्ची राहिली. हिचं लक्ष नसतं.'

इतकी शिसारी मला कशाचीच आली नव्हती, आणि ती ज्याचा हात धरून मी शाळेत गेले त्या भावाची... मी 'बेबी गेली' एवढं वाचून थांबले.

"काहून थांबल्या?" वहिनीनं विचारलं.

"पुढचं अक्षर लागत नाही."

"लागते. वांगी कच्ची राहिली." ती अगदी शांतपणे म्हणाली. "ते ड्यूटीवर गेले की मी रोज वाचायची. वाटायचं, उद्याच्या पानावर तरी बेबीचं काही लिहितील. वाट पाहत राहिली. नाही लिहिलं."

"मग मला कशाला वाचायला लावलं, वहिनी?"

"तुम्ही छापायला देऊन राहिल्या होत्या ना. मी नुसतं सांगितलं असतं, तर खरं वाटलं असतं तुम्हाला?"

नसतं वाटलं.

डायऱ्यांना वाळवी लागली असं मी मंडळींना कळवून मोकळी झाले. मी जाळायला निघाले होते, पण वहिनीनं अडवलं. पूर्वी घरोघरी रद्दी मेथ्यांबरोबर भिजवून कागदाच्या टोपल्या करत, तशी एक टोपली तिला करायची होती. बादलीत डायऱ्या भिजल्या, फुगल्या, निळं बुळबुळीत पाणी सुटलं. मला त्यात हात घालवेना. वहिनी कोपरापर्यंत हात घालून कुस्करत होती आणि मधूनच विचारत होती, "अक्षर राहिलं का कुठं? तुम्हाला दिसते, पाहा." एका तुकड्यावर 'हिचं' एवढं शिल्लक होतं. मी ते चिमटीत धरून चुरडलं. मग तिनं पालथ्या पातेल्यावर लगदा थापला, अंगणात वाळवला.

"यात काय ठेवणार?" मी विचारलं.

"बेबीचं झबलं. त्यांना समोर दिसलेलं चालत नव्हतं. इतके दिवस गहू भरायच्या डब्याच्या तळाशी ठेवलं मी."

ती टोपली आता माझ्याकडे आहे, झबल्यासकट. मेथ्यांचा उग्र वास काही जात नाही, सून नाक मुरडते. मुरडू दे. मी ती बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याच्या नजरेला पडेल अशी ठेवली आहे. कोणी विचारलं, हे कोणाचं, तर सांगते, "बेबीचं. माझ्या वहिनीची मुलगी."