आगवाल्या मामांचं सरपण

आगीवर जीव असलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण आगीला अर्धपोटी ठेवून तिच्याकडून पुरतं काम करून घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच स्वयंपाकघरात येऊन बसला. नात्याने ते माझे मामेसासरे. तीस वर्षं विलायतेच्या बोटींवर आगवाले होते, म्हणजे बोटीच्या तळाशी बॉयलरपुढे उभं राहून भट्टीत फावड्याने कोळसा घालायचा, हे त्यांचं काम. अंगाने काटकुळे, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग, आणि आवाज असा की बोलले तर यंत्राच्या घरघरीवरूनही ऐकू जावा. सासूबाई गेल्या तेव्हा रत्नागिरीच्या घरात आम्ही तिघंच उरलो होतो. मी, कोर्टात कारकुनी करणारे आमचे हे, आणि लग्नाला आलेली नणंद शांता. "भाचरांना घरात मोठं माणूस नको काय?" असं म्हणत मामा बोटीवरची नोकरी सोडून एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले. मी वाकून नमस्कार केला. आशीर्वाद राहिला बाजूला, त्यांनी विचारलं, "सूनबाई, चुलीत एका वेळी किती लाकडं घालतेस?"

माझ्या पुढच्या आठ वर्षांची चाहूल मला तेव्हाच लागायला हवी होती.

ते दिवस महागाईचे होते हे खरं. घासलेटचे डबे बोटीने यायचे, आणि पावसाळ्याच्या तोंडाला बोटी बंद झाल्या की दुकानदार दरवर्षी डब्यामागे काहीतरी चढवायचाच. सरपणाचंही तेच. पण बाकीचं गाव महागाईला नशीब म्हणायचं, आणि मामांना मात्र तो स्वतःचा अपमान वाटायचा. मिरजोळ्याहून गंगू मोळीवाली यायची. तिने डोक्यावरची मोळी अंगणात टाकली की मामा त्यातली दोन लाकडं उपसून कानाशी एकमेकांवर वाजवायचे. खणखणीत वाजलं तर सुकं, बद्द वाजलं तर ओलं. मग तिसरं, मग चौथं. अखेर गंगू पदराने घाम पुसत म्हणायची, "मामानू, लाकडा हायत ती, तंबोरा न्हाय. किती वाजवशाल?" पुढे पुढे ती बिचारी आमच्यासाठी सुक्या लाकडांची मोळी वेगळी बांधून आणू लागली. मग ओल्या मोळ्या वाट्याला आलेल्या आळीतल्या बायका भांडायला आल्या, आणि त्या मामांशी नाही, माझ्याशी भांडल्या.

सरपण घरात आल्यावर तरी सुटका होईल, तर तेही नाही. मामा सकाळी अंगणात उभे राहून आमच्या कौलांकडे बघत असायचे. "धूर म्हणजे न जळलेलं लाकूड," ते सांगायचे. "पैसे दिलेस लाकडाचे, आणि जेवायला घातलंस आभाळाला." कौलांतून धुराची रेघ जरा दाट झाली की बाहेरून आवाज यायचा, "सूनबाई, काळा." मी पीठ मळत असले, कालवण उतू जात असलं, तरी उठून लाकूड मागे ओढायचं. हा न्याय फक्त आमच्या कौलांना नव्हता. पलीकडच्या घरी म्हातारबुवा वारले तेव्हा मामा समाचाराला गेले, आणि तासाभराने हाताला राख लागलेले परत आले. "त्यांच्या बंबाची जाळी पार बुजलेली होती," ते म्हणाले. "माणूस गेला त्याला इलाज नाही, पण बंबातली नारळाची सोडणं फुकट का घालवायची?"

संध्याकाळी कंदिलाची पाळी. घरात दोन कंदील होते, पण मामांनी माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला वीतभर झरोका पाडला आणि त्यात एकच कंदील बसवला. अर्धा उजेड इकडे, अर्धा तिकडे. हे माजघरात कोर्टाचे कागद वाचत बसायचे, मी स्वयंपाकघरात भाकरी थापत बसायचे, आणि ज्याला जास्त उजेड हवा त्याने कंदील आपल्याकडे जरा सरकवायचा. आमच्या नवरा-बायकोतली निम्मी भांडणं त्या झरोक्यातून झाली. यांना एकदा मी म्हटलं, "तुम्ही मामांना काही सांगत का नाही?" तर म्हणाले, "आईच्या मागे आलेत ते आपल्यासाठी. काय सांगू?"

आणि मग खोकं आलं. मामांनी कुठूनसं चहाचं एक लाकडी खोकं मिळवलं, त्यात पेंढा ठासून भरला, मधोमध पातेलं बसेल एवढी पोकळी ठेवली आणि वर झाकायला पेंढ्याचीच उशी शिवून घेतली. युक्ती अशी की भाताला चुलीवर चांगले कढ आले की पातेलं झाकण लावून खोक्यात ठेवायचं, वर उशी दाबायची. आतली ऊब आतच राहते, आणि तासाभराने भात लाकडाशिवाय शिजून तयार. खोटं का बोलू, युक्ती चालायची. एकदा त्यांनी त्यात बांगड्याचं सार ठेवलं, त्यानंतर पंधरा दिवस आमच्या भाताला बांगड्याचा वास यायचा, ती गोष्ट वेगळी. पण खोक्याचा खरा दोष खोक्यात नव्हताच, तो मामांच्या हातात होता. लाकूड जळताना त्यांना बघवायचं नाही. दहा मिनिटं कढ द्यायचे असले की सातव्या मिनिटाला ते पातेलं उतरवायचे.

शांताला बघायला पावसहून मंडळी आली तेव्हा हेच झालं. मुलगा, त्याची आई आणि चुलते. स्थळ चांगलं होतं. स्वतःची आंब्याची बाग, मुलगा शाळामास्तर. दुपारचं जेवण आमच्याकडे होतं. मी मागीलदारी नारळ फोडत होते, तेवढ्यात मामा चुलीपाशी आले. मी तिथूनच म्हटलं, "मामा, अजून दोन कढ येऊ देत." ते म्हणाले, "आले." पातेलं खोक्यात गेलं. पानं वाढली, शांताने भात वाढला, आणि मुलाच्या आईच्या दाताखाली तांदूळ वाजला तो मला दारातून ऐकू आला. भात पानाच्या कडेला सारून त्या नुसत्या सोलकढीवर उठल्या. चार दिवसांनी निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण तिला भात करायला शिकवा, पुढच्या वर्षी बघू.

शांता मागीलदारी विहिरीपाशी जाऊन बसली. तिच्या वयाच्या मुलीला पुढचं वर्ष म्हणजे काय, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी मामांशी बोलणं टाकलं. दहा दिवस मी चुलीत हवी तेवढी लाकडं घातली, दोन्ही कंदील लावले, बंब दिवसभर पेटता ठेवला. कौलांतून ढग निघत होते. मामा पडवीत बसून राहायचे. अंगणात येऊन त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. "सूनबाई, पावसला जायचंय. तू चल. मला बायकांशी नीट बोलता येत नाही."

बाहेर बैलगाडी उभी होती, आणि गाडीत ते खोकं. मला इतका संताप आला की मी वाटभर एक शब्द बोलले नाही. भाट्याच्या खाडीवर गाडी सोडली, खोकं होडीत चढवलं, पलीकडे दुसरी गाडी केली. पावसला त्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा मुलाची आई सुपात तांदूळ पाखडत होती. मामा बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "भात मुलीने केला नव्हता. हिनेही नाही. मी केला. ही सांगत होती दोन कढ अजून येऊ देत, पण माझा हात आवरला नाही. एक लाकूड वाचवलं आणि पोरीचं नुकसान केलं. तुम्हाला मुलगी नको असेल तर नको म्हणा, पण भातासाठी म्हणू नका."

बाईंनी सूप खाली ठेवलं. चुलीपाशी आयुष्य गेलेल्या बाईचे असतात तसे त्यांचे डोळे लाल आणि पाणावलेले होते. मग त्यांनी विचारलं, "त्या खोक्यात काय आहे?"

मामांनी उशी काढून दाखवली, युक्ती सांगितली. बाई म्हणाल्या, "म्हणजे तासभर चुलीपाशी बसायला नको?" आणि आत जाऊन त्यांनी आधण ठेवलं. या खेपेला मामा पुरते कढ येईपर्यंत हात पाठीमागे बांधून उभे राहिले. जळणारं एकेक लाकूड त्यांच्या जिवाला लागत होतं हे मला दिसत होतं, पण ते हलले नाहीत. तासाभराने भात निघाला तो जाईच्या कळ्यांसारखा. बाईंनी दोन घास खाल्ले, आणि म्हणाल्या, "खोकं राहू दे इथेच. मुलीचं मार्गशीर्षात उरकू."

परतीच्या होडीत आम्ही दोघंच होतो. ऊन उतरलं होतं, खाडीला भरती होती. दहा दिवसांनी मी मामांशी पहिल्यांदा बोलले, तेही रागानेच. "एका लाकडासाठी एवढा जीव कशाला टाकता हो?"

ते पाण्याकडे बघत होते. "फावडं उचललंय गो मी तीस वर्षं. वरच्या लोकांना आग दिसत नाही, त्यांना बोट चालताना दिसते. माझ्या जोडीला दाभोळचा एक इब्राहिम होता. आमची पाळी एकच. पाणी प्यायचं झालं तर आधी तो मला पाजायचा. एकदा तांबड्या समुद्रात, उन्हाळ्याचे दिवस, आणि वरून सारखा हुकूम की वाफ वाढवा, वाफ वाढवा. इब्राहिम मला म्हणाला..."

होडी काठाला लागली. मला घरी जायची, शांताला सांगायची घाई झाली होती. मी उतरले आणि गाडीवानाला हाक मारली. मामा मागून म्हणाले, "सांगेन मग."

मी "बरं" म्हटलं.

शांताचं लग्न झालं. तिची सासू खोक्यात भात करते, असं ती माहेरपणाला आली की हसत सांगायची. मामा आणि मी मात्र पूर्वीसारखेच भांडत राहिलो. लाकडावरून, घासलेटवरून, बंबावरून, रोज, न चुकता. एका भाद्रपदात दोन दिवसांच्या तापाने ते गेले. तापात काहीतरी पुटपुटत होते, पण त्यांचा तो मोठा आवाज पार बसला होता, आणि मला एक शब्दही कळला नाही. आता कधी कामासाठी खाडी ओलांडायची वेळ आली की मी होडीत गप्प बसते. इतक्या वर्षांत एवढं बोलले त्यांच्याशी, पण इब्राहिम काय म्हणाला, ते विचारायचं राहून गेलं.