दाराची खालची कड

पॉलिशमामांची बोटं पाहिली की त्यांना धंदा विचारायची गरज पडत नाही. चाळीस वर्षं लाख आणि स्पिरिट चोळून ती कायमची तांबूस झाली आहेत. साबण म्हणू नका, सोडा म्हणू नका, सगळं करून झालं. कोणाच्या घरी गेले की हात न लावता आधी दाराकडे नुसते बघत बसतात, आणि मग म्हणतात, "होईल." पण ताईंच्या दारापुढे परवा ते कितीतरी वेळ उभे राहिले आणि तोंडातून "होईल" काही फुटेना.

ताई म्हणजे सख्खी बहीण नव्हे. लहानपणी शेजारच्या घरात राहायच्या. मामांचं नाक पुसलेलं, पडले तर उचलून आणलेलं. त्यांचं लग्न झालं, नवं घर बांधलं, तेव्हा भाऊजींनी दाराच्या पॉलिशला एक नावाजलेला कारागीर बघून ठेवला होता. ताईंनी साफ सांगितलं, "माझ्या माहेरचा माणूस असताना दुसऱ्याला हात लावू देणार नाही." मामा तेव्हा बावीस वर्षांचे. उस्तादाशिवाय केलेलं पहिलंच काम! कसले फुशारले होते!

काम झालंही झकास. सागवानी दार नुसतं लखलखत होतं. फक्त शेवटच्या दिवशी दार उतरवून खालच्या कडेला हात मारायचा राहिला होता, आणि संध्याकाळच्या सिनेमाची तिकिटं खिशात होती. खालची कड कोण वाकून बघतंय, असं म्हणून गडी सटकला.

बघितलं पाण्याने. भाऊजी रोज सकाळी बादली घेऊन पायरी धुवायचे. ते पाणी उघड्या कडेतून लाकडात चढलं, आणि पहिल्याच पावसाळ्यात दार फुगून अडकायला लागलं. तेव्हापासून त्या घरात वर्षानुवर्षं एकच रेकॉर्ड वाजत राहिली. "ओता अजून पाणी! माझ्या माहेरच्या माणसाने एवढं जीव ओतून केलेलं दार, वाट लावलीत त्याची!" मामा कधी चहाला गेले की त्यांच्यासमोरच हे सुरू व्हायचं. भाऊजी मान खाली घालून बशीतला चहा प्यायचे. मामा कप अर्धा ठेवूनच उठायचे.

भाऊजींनी एकदाच विषय काढला होता, तोही रस्त्यात. "काय हो, दाराला खालूनही पॉलिश लावतात का?" मामा म्हणाले, "लावतात की!" भाऊजी हसले. "असं होय," म्हणाले, आणि पायात नवी चप्पल चावते त्याबद्दल बोलायला लागले. मामा घरी येऊन जेवले नाहीत. सांगायचं, उद्या सांगायचं, असं म्हणता म्हणता अडतीस वर्षं गेली. गेल्या वर्षी भाऊजी गेले.

आणि आता ताईंनी बोलावलं होतं. दाराचा रंग उडून राखाडी झालेला, खालून पापुद्रे सुटलेले. "हे असते तर म्हणाले असते, राहू दे, अजून चांगलं आहे," ताई म्हणाल्या. "दरवेळी तेच. तुला बोलवू म्हटलं की राहू दे."

मामांनी बिजागरीचे स्क्रू काढायला घेतले आणि थबकले. स्क्रूंच्या खाचा पार झिजलेल्या. मामांनी स्वतः तर हे दार कधी उतरवलंच नव्हतं. दार दोन स्टुलांवर आडवं टाकलं आणि कड बघितली. कडेवर पॉलिशचा थेंब नव्हता. होतं ते मेण. मेणबत्ती घासून घासून चढवलेले थरावर थर, खालचे काळे पडलेले, वरचे पिवळट. रंधाही वेडावाकडा मारलेला, ज्याने जन्मात रंधा धरला नाही अशा माणसाचा.

"हे काय रे?" ताई वाकल्या.

आता मात्र मामांनी सगळं सांगून टाकलं. कड, सिनेमा, रस्त्यातला तो प्रश्न. "ताई, पाण्याचा दोष नव्हता. चूक माझी होती. आणि भाऊजींना ते माहीत होतं. दरवर्षी दार उतरवून मेण लावत होते ते."

"दरवर्षी? मला कसं दिसलं नाही?" असं म्हणता म्हणताच ताई पायरीवर बसल्या. दर उन्हाळ्यात त्या पंधरा दिवस माहेरी जायच्या. भाऊजी कधीच बरोबर आले नाहीत. कामं आहेत म्हणायचे. त्यावरूनही ताईंनी त्यांना कमी बोल लावले नव्हते.

मामांना वाटलं, संपलं. आता ही मला ये म्हणायची नाही.

"या मेणाचं काय करणार?"

"खरवडावं लागेल. त्यावर पॉलिश धरत नाही."

ताईंनी त्यांच्या हातातलं पातं ओढून घेतलं आणि स्वतःच खरवडायला बसल्या. आणि तोंड सुटलं. "मेल्या, सिनेमा बघायला गेलास! आणि मी सगळ्या जगाला सांगत सुटले, माझा भाऊ, माझा भाऊ!" अडतीस वर्षांचं सगळं एका दुपारी बाहेर पडलं. मामा समोर मान खाली घालून बसले आणि मुकाट ऐकत राहिले. एवढं तरी त्यांच्याकडून होण्यासारखं होतं. ताईंचा हात चालला होता, मेणाची सालं पायांपाशी पडत होती.

मग हात थांबला. कडेवरच्या रंध्याच्या त्या वेड्यावाकड्या खुणा ताईंनी बोटांनी चाचपल्या.

"अहो," त्या दाराला म्हणाल्या, "एकदा तरी उलट बोलायचं होतंत."